निशाणी बांगडी

आमच्या घराची वंशावळ सात पिढ्यांची आहे. तहसील कचेरीच्या बाहेर बसणाऱ्या टायपिंगवाल्याने ती नीट आखून दिली. वर मूळ पुरुष, त्याच्याखाली रेघा, रेघांच्या टोकाला नावं, असं करत करत खाली मी, माझा मुलगा आणि अगदी शेवटी माझी नात. नातीला कॉलेजात प्रवेश घ्यायचा होता. त्यासाठी कुणबी जातीची पडताळणी, आणि त्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा. ज्यांनी हे केलंय त्यांना ठाऊक आहे. शाळेचे दाखले, गाव नमुना चौदाचे उतारे, जुने फेरफार, आणि हे सगळे कागद एकमेकांना जोडणारी ही वंशावळ, शपथेवर.

नातीने तो कागद वरून खाली वाचला आणि विचारलं, "आजोबा, ह्यांतल्या कुणाला आय नव्हती काय?"

कागदावर एकवीस नावं होती. बाईचं नाव एकच, ते तिचं स्वतःचं, कारण अर्ज तिचा. टायपिंगवाला म्हणाला, "बायकांची नावं लागत नाहीत, बाय. जात बापाकडनं येते." त्याचं खरं होतं. कचेरीला जेवढं लागतं तेवढं त्याने लिहिलं. पण जे लागत नाही ते कुठे लिहिलेलं आहे, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. लावणी उरकली होती, हाताला सवड होती. ह्या झाडावरच्या निदान एका बाईचा माग काढायचा असं मी ठरवलं.

कोणाचा, ह्याला विचार करावा लागला नाही. माझ्या पणजोबांची आई, म्हणजे माझी खापरपणजी. घरात तिचा उल्लेख कधीमधी व्हायचा तो "ममईवाली" म्हणून. आमच्या राजापुराकडे जुनी माणसं मुंबईला ममई म्हणत.

माझी आत्या नव्वदीला टेकली आहे. तिच्याकडे जाऊन बसलो. तिने सांगितलं ते एवढंच. ममईवाली लवकर रांडावली. पदरात दोन पोरं. घरावर कर्ज. पोरं जावेच्या ओटीत टाकली आणि दिराबरोबर जैतापूर बंदरातून ममईला गेली. तिथे गिरणीत लागली. पटकी-पिलेगाच्या सालात परत आली ती पुन्हा गेली नाही.

"आणि नाव काय तिचं?"

आत्या माझ्याकडे बघत राहिली. "नाव कोण घेतलान तिचं? घोव तर मेलेला."

ह्या उत्तरावर मी परतीच्या वाटेवर पुष्कळ विचार केला. आपल्याकडे बायको नवऱ्याचं नाव घेत नाही, घेतलं तर उखाण्यात घेते. पण नवरा तरी बायकोचं नाव कुठे घेतो? "अगो ऐकलंस काय" नाहीतर पोराची आवस. माहेरचं नाव लग्नात बदललं, सासरचं नाव कुणी उच्चारलं नाही. दोन नावं असून बाई बिननावाची.

माझा एक भाचा इंग्लंडात मँचेस्टरजवळ नोकरीला आहे. त्याला फोनवर हे सगळं सांगितलं तेव्हा तो हसला. म्हणाला, "मामा, माझी घरमालकीणही हाच उद्योग करते." मग त्याने तिच्या खापरपणजीची हकिकत सांगितली. ती मी इथे मुद्दाम सांगतो, कारण तिच्यामुळे मला आमच्या बाईची जागा कळली.

त्या बाई मूळच्या ओल्डहॅमच्या. लँकेशायरातलं हे गाव म्हणजे सगळं सुतावर जगणारं. बाईंची खापरपणजी राणी व्हिक्टोरियाच्या काळातली, तीही गिरणीतच कामाला. कुणी मोठी नव्हे, कसल्या पुस्तकात तिचं नाव नाही. पण तिकडे १८३७ पासून जन्म, लग्न, मृत्यू यांची सरकारी नोंद आहे. १८४१ पासून दर दहा वर्षांच्या शिरगणतीत घरटी प्रत्येक माणसाचं नाव लिहिलेलं आहे, आणि ते कागद जपून ठेवले आहेत. शंभर वर्षं झाली की ते कुणालाही बघता येतात. त्यामुळे ह्या बाईंना त्यांची खापरपणजी दर दहा वर्षांनी एकदा भेटते. आधी बापाच्या घरात लहान पोर, मग गिरणीत काम करणारी मुलगी, मग बायको, मग विधवा. प्रत्येक वेळी नाव, वय, धंदा आणि जन्मगाव. लग्नाच्या कागदावर नावापुढे नुसती फुली आहे, कारण लिहिता येत नव्हतं. नाव कारकुनाने लिहिलं, फुली तिने मारली.

भाच्याने ते सांगितलं आणि मला थोडा हेवा वाटला, खोटं कशाला बोलू. दोघी गिरणीतल्या, दोघी निरक्षर, कापूससुद्धा एकच म्हणायला हरकत नाही. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस यायचा बंद झाला, लँकेशायरातल्या गिरण्या बंद पडल्या आणि तिथली माणसं धर्मादाय सूप पिऊन जगली. त्याच चार वर्षांत मुंबईचे कापसाचे व्यापारी पैशात लोळत होते. पुढे मुंबईत गिरण्या वाढल्या तेव्हा त्यांतली पुष्कळ यंत्रं ह्याच ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्स कंपनीची होती. म्हणजे घरमालकिणीच्या गावात घडवलेल्या लोखंडापुढे आमच्याकडच्या बायका उभ्या होत्या. फरक एवढाच की एकीचं नाव दर दहा वर्षांनी लिहून ठेवलं.

आपल्याकडे शिरगणती नव्हती असं नाही. सगळ्या देशाची एका दिवशी मोजणी १७ फेब्रुवारी १८८१ ला झाली, तेव्हापासून २०११ पर्यंत दर दहा वर्षांनी होत आली. पण आपल्याकडचे घरटी कागद ठेवले नाहीत. बेरजा राहिल्या, माणसं गेली. १८८१ च्या बेरजेत असं आहे की मुंबईची वस्ती पावणेआठ लाख, त्यांतली सव्वा लाखावर माणसं रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेली. म्हणजे सहा माणसांमागे एक आमच्याकडचा. १८९१ ला शहराची वस्ती ८,२१,७६४. माझ्या हिशेबाने तेव्हा ममईवाली मुंबईत होती. त्या आकड्यातला शेवटचा एक काढला तर ८,२१,७६३ राहतात. तो एक म्हणजे ती, असं मी धरून चालतो.

हे फक्त गोऱ्यांच्या राज्यात झालं असंही नाही. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या निवडणुकीत मतदारयादीतून जवळपास २८ लाख बायका गाळाव्या लागल्या, मुख्यतः उत्तरेकडच्या राज्यांत. कारण त्यांनी नाव सांगितलं नव्हतं, अमक्याची बायको, तमक्याची मुलगी एवढंच सांगितलं होतं.

तर अशा रीतीने मी भाताला खताचा दुसरा हप्ता देऊन मुंबईला गेलो. लालबागला माझा चुलतभाऊ राहतो, त्याच्याकडे पंधरा दिवस मुक्काम केला. चुलते गिरणीत होते, १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला त्यात त्यांची नोकरी गेली. खोली तेवढी राहिली. सकाळी उठून कधी काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात, कधी दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात. दहावी शिकलेला शेतकरी म्हणून मला कुणी वेगळं वागवलं नाही हे सांगितलं पाहिजे. एकाने तर जुना अहवाल स्वतः काढून आणून पुढ्यात ठेवला. इंग्रजी मला सावकाश वाचता येतं, अडलं की चुलतभावाच्या मुलीला विचारायचं.

तिचं नाव तिथे सापडणार नाही हे मला पहिल्याच दिवशी कळलं. पण ती ज्या मुंबईत राहिली ती मुंबई सापडू शकत होती.

तिच्या काळातलं काय आणि नंतरचं काय, हे वेगळं करणं हेच मोठं काम. भाऊ मला हौसेने बीडीडी चाळी दाखवायला घेऊन गेला. म्हटलं, ह्या १९२० नंतरच्या, ही बाई तोवर गावी परतून जमाना झाला. केईएम हॉस्पिटल १९२६ चं. लालबागच्या राजाचा गणपती १९३४ पासूनचा. विजेची ट्राम १९०७ ला आली, तिने बघितली ती घोड्यांची, १८७४ ला सुरू झालेली. गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ ला सार्वजनिक गणपती बसला, तेव्हा मात्र ती इथे होती. गिरगाव त्या वेळी लालबागपासून लांब पडायचं, चालत जायला तास-सव्वा तास. तिच्या सुट्टीच्या दिवशी ती गेली असेल का? सुट्टीची गोष्ट पुढे येते.

मुंबईतली पहिली कापडगिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेवला काढली. कंपनी १८५४ ची, चाक फिरलं १८५६ ला. पुढच्या तीस वर्षांत भायखळा, परळ, लालबाग, चिंचपोकळी ह्या पट्ट्यात धुराडी उभी राहिली. आधी ही सगळी वाड्या आणि शेतं. परळला तर गव्हर्नरसाहेबांचा बंगला होता. ह्याच सुमारास एका गव्हर्नरची मडम त्या बंगल्यात पटकीने वारली, मग साहेबलोक मलबार हिलला गेले. त्या मडमेचं नाव, तारीख सगळं अर्ध्या मिनिटात मिळतं. त्याच पटकीने त्याच परळात किती बायका गेल्या त्यांचं विचारू नका.

गिरणीतल्या कामगारांत पाचांमागे एक, कधी थोडी जास्त, बाई असायची. बायका मागावर नव्हत्या. त्यांचं काम रिळिंग आणि वाइंडिंग खात्यात. निघालेलं सूत बॉबिनवर गुंडाळायचं, नाहीतर त्याच्या लडी करायच्या. बहुतेक काम उक्तं, जेवढं सूत तेवढा पैसा. महिन्याला सात-आठ रुपये पडायचे. खात्यावर नायकीण असायची. कामाला घ्यायचं की नाही, चांगलं सूत कुणाला द्यायचं की तुटकं, सगळं तिच्या हातात. गिरणीचं नाव फारसं महत्त्वाचं नसे, कुठल्या नायकिणीच्या हाताखाली आहेस ते महत्त्वाचं.

कामाचे तास सूर्यावर. उजाडलं की भोंगा, अंधारलं की सुटका. उन्हाळ्यात दिवस मोठा म्हणून काम जास्त. १८८१ ला गिरण्यांचा पहिला कायदा झाला त्यात फक्त लहान मुलांचा विचार, बाईसाठी शब्द नाही. १८९१ च्या कायद्याने बायकांना दिवसाला ११ तासांची मर्यादा आली आणि मधे दीड तास विसावा. ह्या कायद्यामागे लँकेशायरच्या गिरणीमालकांचाही जोर होता. इथली मजुरी स्वस्त, तास बेसुमार, त्यामुळे आपला माल मागे पडतो ही त्यांची तक्रार. म्हणजे कळवळा थोडा, धंदा जास्त. पण फायदा झाला तो झाला.

खरा कळवळा इथल्या एका माणसाचा. नारायण मेघाजी लोखंडे. जन्म १८४८, ठाण्याचे, जोतीराव फुल्यांचे सोबती, स्वतः गिरणीत नोकरी केलेले. १८८० पासून 'दीनबंधू' पत्र चालवायचे. १८८४ च्या सप्टेंबरात त्यांनी परळच्या सुपारीबागेत कामगारांची सभा भरवली, साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज कमिशनपुढे केला. आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार वेळच्या वेळी, असल्या साध्या मागण्या. सुट्टी मिळायला सहा वर्षं गेली. एप्रिल १८९० मध्ये मोठी सभा झाली, दहा हजारांच्या घरात माणूस जमलं, आणि १० जून १८९० ला गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. आज सगळा देश रविवारी झोपतो त्यामागे ही सभा आहे.

त्या सभेत दोन कामगार बायका बोलल्या. हे वाचलं आणि मी पुस्तक मिटून खिडकीबाहेर बघत बसलो. दहा हजार माणसांपुढे दोन गिरणीतल्या बायका उभ्या राहून बोलल्या. आणि कुठल्याही पुस्तकात बघा, तेवढंच लिहिलेलं आहे, दोन बायका. चुलतभावाची मुलगी म्हणाली, "काका, त्यांतली एक आपलीच असंल." मोह मलाही झाला. पण मी म्हटलं, असं लिहिलं तर ते खोटं होईल. आमची ऐकायला तरी गेली असेल, तेवढं पुरे.

ती राहत कुठे होती? चुलत्यांच्या बाजूचे लोक सांगतात की ती गिरणीत नव्हतीच, गाववाल्यांची खानावळ चालवायची. आत्या म्हणते गिरणीत होती. माझ्या मते ह्यात भांडण नाही. गिरणगावात एकेका खोलीत आठ-दहा बापये राहायचे, बायका गावी. त्यांना रांधून घालणारी बाई लागायची. गिरणीतून सुटलेली बाई संध्याकाळी चार-पाच जणांचं जेवण करायची, महिन्याचे ठरलेले पैसे घ्यायची. अशा खानावळवाल्यांच्या जिवावर गिरणगाव जेवलं, पार १९७५ ला प्रेमाताई पुरव यांनी त्यांची अन्नपूर्णा महिला मंडळ ही संघटना बांधेपर्यंत आणि त्यानंतरही. गिरणीत नाव मस्टरवर तरी चढतं, चुलीचं मस्टर नसतं.

सात-आठ रुपयांत ती काय खात होती आणि गावी काय पाठवत होती? पोस्टाची मनीऑर्डर १८८० ला सुरू झाली. आमच्या जिल्ह्याला पुढे मनीऑर्डरचा जिल्हाच म्हणू लागले. ते म्हणताना सगळ्यांच्या डोळ्यांपुढे गिरणीतला चाकरमानी येतो, पुरुष. पाठवणाऱ्यांत बायका होत्या हे मी तरी कुठल्या भाषणात ऐकलं नाही.

मग १८९६ चा सप्टेंबर. मांडवी भागात डॉक्टर व्हिएगस यांना प्लेगचा रोगी सापडला. बंदरावरून उंदीर, उंदरावरून चाळी. ऑक्टोबरात आर्थर रोडच्या साथीच्या हॉस्पिटलवर गिरणीकामगारांचा जमाव दोनदा चालून गेला. त्यांतल्या एका वेळी कारण असं की एका कामगार बाईला तिच्या मनाविरुद्ध उचलून तिथे नेलं होतं. तिचंही नाव नाही. हॉस्पिटलात गेलेलं माणूस परत येत नाही अशी लोकांची समजूत, आणि ती अगदी खोटी होती असं म्हणवत नाही. भायखळ्याला ग्रँट मेडिकल कॉलेजात हाफकिनसाहेब लस तयार करत होते, १० जानेवारी १८९७ ला त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. ९ फेब्रुवारीला लोखंडे गेले, प्लेगानेच. तोवर जवळपास अर्धी मुंबई पळाली होती. धक्क्यावर, स्टेशनवर, पनवेलच्या वाटेने, जिथून वाट मिळेल तिथून. त्या गर्दीत ममईवाली. आत्याच्या सांगण्याप्रमाणे आल्यावर तिला गावाबाहेर मांगरात दहा दिवस ठेवलं होतं, जाऊ लांबून भाकरी ठेवून जायची. पोरांनी तिला ओळखलं नाही. केसांत कापूस अडकलेला, असं आत्या म्हणते. दहा-अकरा वर्षांनी आली होती. कापूस बोटीच्या प्रवासातही केसांत राहील हे मला पटत नाही, पण आत्याला तिच्या आजीने असंच सांगितलेलं.

मुंबईहून मी परत आलो ते एवढं घेऊन. काळ मिळाला, काम मिळालं, रोग मिळाला. बाईचा स्वतःचा असा कागद काही मिळाला नाही.

तो घरातच होता. आमच्या माळ्यावर एक पत्र्याचं नळकांडं आहे, त्यात मोडीतले पाच-सात कागद. वडलांनी ते जपले, वाचता कुणालाच आले नाहीत. पडताळणीच्या निमित्ताने मी ते तालुक्याला एका निवृत्त गुरुजींकडे नेले, ते मोडी वाचतात. कचेरीच्या दृष्टीने बघायचं असतं ते नावामागे "कु" आहे का, म्हणजे कुणबी. गुरुजींनी तेच बघायला भिंग घेतलं. एका कागदावर ते थांबले.

कागद शके १८२१ चा. शकात ७८ मिळवायचे, म्हणजे १८९९, प्लेगानंतर दोन वर्षांनी. ती फारखत होती, म्हणजे देणं फिटल्याची पावती. आमचा मुलूख खोतीचा, बहुतेक कुणबी खोताची कुळं. आमची दोन खाचरं मात्र धाऱ्याची होती, ठरलेला धारा भरला की जमीन आपली. तीच खाचरं माझ्या खापरपणजोबांनी गहाण टाकली आणि ते वारले. कागदात लिहिलं होतं की गहाणाचे मुद्दल आणि व्याज मिळून रुपये ८५ भरून पावले, जमिनीवर दावा राहिला नाही. देणाराचं नाव माझ्या पणजोबांचं. पुढे दोन शब्द, "हस्ते मातोश्री".

खाली निशाण्या होत्या. आपल्याकडे ज्याला सही येत नाही त्याने धंद्याची निशाणी करायची. शेतकऱ्याचा नांगर, शिपायाची कट्यार, बाईची बांगडी. माझ्या पणजोबांची नांगराची निशाणी होती, तीन-चार रेघांची. तिच्या शेजारी एक गोल, आणि लिहिणाराने बाजूला लिहिलेलं, निशाणी बांगडी. गोल वाकडा आहे, वरच्या बाजूला टोकं जुळलेली नाहीत, आणि एका ठिकाणी टाक रुतून शाई फुटली आहे. विधवेने बांगडी काढायची, अशी तेव्हाची रीत होती.

गुरुजी म्हणाले, मुलगा तेव्हा वीस-एकवीस वर्षांचा असणार, कर्ता पुरुष. फारखतीला त्याची निशाणी पुरली असती. तिची घेतली ती पैसे तिने मोजले म्हणून. मी घरी येऊन हिशेब केला. महिन्याला एक रुपया बाजूला टाकला तर ८५ रुपयांना सात वर्षं लागतात. ती दहा-अकरा वर्षं होती. पोरांना पाठवून, स्वतः खाऊन, खोलीचं भाडं देऊन उरलेला तो रुपया. कचेरीत त्या कागदाचा उपयोग झाला नाही, "कु" त्यात नव्हता. नातीचं काम आजोबांच्या भावाच्या शाळेच्या दाखल्यावर झालं.

ती दोन खाचरं आजही आमच्याकडे आहेत. ह्या वर्षी त्यांत रत्ना जातीचं भात होतं. आणि ह्याच वर्षी आमच्या घरात वाटपाचं निघालं आहे. मला दोन बहिणी. २००५ च्या कायद्याने मुलीला मुलाइतकाच हिस्सा, पण आमच्याकडे रीत अशी की वाटपाआधी बहिणी हक्कसोड लिहून देतात, भाऊ साडीचोळी करतात. धाकट्या भावाने कागद तयार करून आणला होता. मी त्या दिवशी गुरुजींनी बाळबोधीत लिहून दिलेली फारखत सगळ्यांपुढे वाचली. भाऊ म्हणाला, "तो काळ वेगळा होता, दादा." थोरली बहीण काही बोलली नाही. तिने मूळ कागद मागून घेतला आणि उजेडाला धरून बघत बसली. हक्कसोडीचा कागद सध्या कपाटात आहे, सहीशिवाय. भाऊ माझ्यावर जरा नाराज आहे.

तिचं माहेर कुठलं, हा प्रश्न राहिला होता. त्याचंही उत्तर कागदात मिळालं नाही. आमच्या घरातून दर नवरात्रात खाडीपलीकडच्या एका गावच्या देवीला ओटी जाते. खण, नारळ, तांदूळ. आमचं त्या गावाशी नातं नाही, सोयरिक नाही, शेत नाही. का जाते विचारलं तर आई म्हणायची, सासूने सांगितलं म्हणून. गेल्या नवरात्रात मी स्वतः घेऊन गेलो. गुरव ऐंशीच्या पुढचे आहेत. त्यांनी आमच्या गावाचं नाव ऐकलं, पितळेच्या ताटातला नारळ उचलला आणि आतल्या पोराला हाक मारून म्हणाले, "म्हायेरवाशणीची ओटी आली रे."

मी विचारलं, "कुठली माहेरवाशीण?"

"ती ममईस गेलेली," गुरव म्हणाले. "हिची ओटी आधी, मग बाकीच्यांची. माझ्या बापसानं तसंच सांगून ठेवलाय."